जुना स्टीरिओ रिसीव्हर चालू होता होता बंद पडतो, बटणंही भलतंच करतात: सुरुवात कुठून करावी?

मध्यमलहरी

नमस्कार मंडळी,

ऐंशीच्या दशकाच्या अखेरचा दोन चॅनेलचा रिसीव्हर आहे. रिमोटवर चालतो, व्हॉल्यूमला मोटर आहे, समोर हिरवट निळा डिस्प्ले. सर्किट डायग्राम हाताशी आहे. मल्टीमीटर आणि सोल्डरिंगचं सामान आहे, ऑसिलोस्कोप नाही. दोष एकाहून जास्त आहेत:

१) पॉवर बटण दाबलं की आत रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) ‘टक’ आवाज येतो, डिस्प्ले क्षणभर लुकलुकतो आणि लगेच दुसरा ‘टक’ होऊन सगळं बंद. तीन-चार वेळा दाबल्यावर एकदाचा चालू राहतो. रात्रभर प्लग काढून ठेवला, तर सकाळी दहा-बारा वेळा दाबावं लागतं. एकदा टिकला की मग तासन् तास चालतो.

२) चालू असताना ट्यूनरचं बटण दाबलं की कधी ट्यूनर लागतो, कधी फोनो (रेकॉर्ड प्लेअरचा इनपुट). दोन-तीनदा कुणी हात न लावता इनपुट बदलला. रिमोटवरून मात्र प्रत्येक वेळी बरोबर बदलतो.

३) डावा चॅनेल सुरुवातीला अगदी बारीक. व्हॉल्यूम जोरात वाढवला की एकदम उघडतो आणि मग नीट चालतो.

४) व्हॉल्यूम फिरवताना खरखर.

आतापर्यंत तपासलं ते असं: फ्यूज शाबूत. दोन्ही अँप्लिफायरच्या आउटपुटला, स्पीकर रिलेच्या अलीकडे, डीसी १२ आणि १८ मिलिव्होल्ट. स्टँडबायमध्ये मायक्रोकंट्रोलरच्या सप्लाय पिनवर ४.९६ व्होल्ट, म्हणजे स्टँडबाय सप्लाय ठीक दिसतो. स्पीकर काढूनही पहिला दोष तसाच आहे.

आता बोर्डावरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम बदलून टाकावेत का? सत्तरेक तरी आहेत.

---

शून्यव्होल्ट

सगळे बदलायला घेऊ नका. सत्तर कपॅसिटर म्हणजे एकशेचाळीस सांधे. त्यात एखादा उलटा बसला किंवा एखादा पॅड उखडला, की मूळ दोष राहतो बाजूला आणि नवा शोधत बसावं लागतं. तुम्ही सांगितलेले चार दोष चार वेगळ्या ठिकाणचे आहेत आणि प्रत्येकाची चाचणी वेगळी आहे. मी पहिल्यापुरतं लिहितो.

आधी एक मोजमाप करा, त्याला मीटरही लागत नाही. मोबाइल जवळ धरून व्हिडिओ काढा आणि पहिल्या व दुसऱ्या ‘टक’मधला वेळ बघा. दोष कुठल्या गल्लीत शोधायचा ते या वेळेवरून ठरतं.

अर्ध्या सेकंदाच्या आत मेन रिले (मेन ट्रान्सफॉर्मर चालू करणारा) सुटला, तर तो सहसा कुणी सोडलेला नसतो, त्याचा आधार गेलेला असतो. रिले ओढल्याबरोबर स्टँडबाय सप्लायवरचा भार वाढतो, व्होल्टेज खाली बसतं, मायक्रो (मायक्रोकंट्रोलर) रीसेट होतो आणि रीसेट झालेला मायक्रो रिले सोडून देतो.

दोन ते पाच-सहा सेकंदांनी सुटला, तर मायक्रोने ठरवून बंद केलं आहे. मेन सप्लाय उभा राहिला, मायक्रोने प्रोटेक्टची (अँप्लिफायरमधल्या दोषाचा इशारा देणारी) लाइन वाचली, ती चुकीची दिसली. तेव्हा आउटपुटचा डीसी, उडालेला आउटपुट ट्रान्झिस्टर, न आलेली एखादी रेल (सप्लायची लाइन), हे सगळं बघायचं.

अर्ध्या-पाऊण तासाने सुटला, तर उष्णता. रेग्युलेटरच्या पायांशी तडकलेला सोल्डर, वाढलेला बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा करंट), हीटसिंकवरचा थर्मिस्टर.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो. ‘४.९६ आले म्हणजे सप्लाय ठीक’ हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. ते माप विश्रांतीच्या वेळचं आहे आणि दोष भाराच्या वेळी दिसतो. ७८०५सारख्या (पक्के ५ व्होल्ट देणाऱ्या) रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त, म्हणजे इनपुटवर निदान ७ व्होल्ट सतत लागतात. इनपुट कितीही खडबडीत असला, तरी त्याचा तळ ७च्या वर आहे तोवर आउटपुट सरळ ५ दिसतो. फिल्टर कपॅसिटर पार मरणपंथाला लागला असला, तरी स्टँडबायमध्ये मीटर तुम्हाला ४.९६च दाखवणार.

आकडे मांडून बघा. छोट्या स्टँडबाय ट्रान्सफॉर्मरमधून १० व्होल्ट एसी येतात असं धरू. शिखर १४.१, ब्रिजचे १.४ वजा जाता १२.७ व्होल्ट. मायक्रो आणि रिमोटचा रिसीव्हर मिळून ४० मिलिअँपिअर घेतात असं धरा. १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल २०० ओहमची असेल, तर ती ६० मिलिअँपिअर घेते. रिले ओढला की भार ४०वरून १०० झाला. रिपलचा (डीसीवर उरलेल्या चढउताराचा) ढोबळ हिशेब: करंट भागिले (१०० हर्ट्झ गुणिले कपॅसिटन्स). मेन्स ६० हर्ट्झचं असेल तर १०० ऐवजी १२० घ्या.

१००० मायक्रोफॅराड धडधाकट असेल, तर १०० मिलिअँपिअरवर रिपल १ व्होल्ट. तळ ११.७, काही अडचण नाही. तोच कपॅसिटर वाळून १५० मायक्रोफॅराडवर आला, तर स्टँडबायमध्ये रिपल २.७ आणि तळ १०. अजूनही सगळं छान. रिले ओढताच रिपल ६.७ आणि तळ ६. रेग्युलेटर सुटला, ५ व्होल्टची लाइन खचली, मायक्रो रीसेट. दुसरा ‘टक’ तो हाच.

सकाळी जास्त त्रास होणं याच्याशी जुळतं. इलेक्ट्रोलिटिकमधला द्राव थंड असला की ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) वाढतो आणि कपॅसिटन्स कमी भरतो. प्लग लावलेला असताना स्टँडबाय ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर आजूबाजूला थोडी ऊब धरून ठेवतात. रात्रभर प्लग काढला की तीही जाते. एकदा टिकला की का चालतो, तेही सांगतो: अनेक रिसीव्हरमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर चालू झाल्यावर एका डायोडमधून मेन सप्लायच मायक्रोला पोसायला लागतो. तुमच्या डायग्रामवर तो डायोड सापडतो का बघा.

आता मोजणी. झाकण उघडण्याआधी हे नीट वाचा: समोरचा दिवा ‘स्टँडबाय’ दाखवत असताना स्टँडबाय ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी बाजू, फ्यूज आणि मेन रिलेचे संपर्क पूर्ण मेन्सवर असतात. मीटरचे क्लिप प्लग काढून लावा, मग प्लग घाला, वाचन घ्या, पुन्हा प्लग काढा. एक हात खिशात. मेन फिल्टर कपॅसिटर (बहुधा १०,००० मायक्रोफॅराडचे दोन) प्लग काढल्यावरही भरलेले राहतात. ४७० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी अर्धा मिनिट प्रत्येकावर धरा आणि १ व्होल्टच्या खाली आले का ते मीटरवर पाहूनच आत बोट घाला. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगीने पॅड आणि कपॅसिटरची आतली जोडणी दोन्ही जातात.

हे तीन आकडे द्या:
– स्टँडबायमध्ये ७८०५च्या इनपुटवर डीसी
– त्याच ठिकाणी मीटर एसी रेंजवर ठेवून (तुमचा मीटर एसीवर डीसी अडवत नसेल, तर प्रोबच्या वाटेत ०.१ मायक्रोफॅराडचा फिल्म कपॅसिटर घाला)
– पॉवर बटण दाबताना मीटरच्या मिन-मॅक्सवर (सर्वात कमी-जास्त वाचन धरून ठेवणारी सोय) इनपुट आणि आउटपुट दोन्हींची सर्वात खालची पातळी

---

फीतवाला

दुसऱ्या दोषाबद्दल. रिमोटवरून बरोबर आणि बटणावरून चूक, म्हणजे मायक्रो आणि इनपुट निवडणारी आयसी दोन्ही शाबूत. दोष बटणांच्या पट्टीत आहे, आणि तिची रचना समजली की ट्यूनर दाबल्यावर फोनो का लागतो ते डोळ्यांसमोर दिसतं.

त्या काळच्या बऱ्याच सेटमध्ये प्रत्येक बटणाला मायक्रोची वेगळी पिन नसते. एकाच पिनवर रेझिस्टरांची शिडी असते. समजा ५ व्होल्टला १० किलोओहमचा पुलअप (लाइन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) आहे. पहिलं बटण लाइन थेट ग्राउंडला टेकवतं: ० व्होल्ट. दुसरं १ किलोओहममधून: ५ × १ ÷ ११ = ०.४५ व्होल्ट. तिसरं एकूण २.५ किलोओहममधून: १ व्होल्ट. चौथं ४.७ किलोओहममधून: १.६ व्होल्ट. मायक्रो फक्त व्होल्टेज मोजतो आणि ते कुठल्या खिडकीत पडतं ते बघून बटण ओळखतो.

टॅक्ट स्विचच्या (प्रत्येक बटणामागच्या छोट्या दाब-स्विचच्या) आत एक छोटी घुमटाकार पत्र्याची चकती असते. नवी असताना संपर्काचा रोध एका ओहमच्याही खाली. चांदीचा मुलामा काळवंडला की तो शेकड्यात जातो, कधी किलोओहममध्ये. पहिल्या बटणाच्या वाटेत १ किलोओहम असा आपोआप उगवला, की लाइनवर ० ऐवजी ०.४५ येतात आणि मायक्रो प्रामाणिकपणे दुसरं बटण वाचतो. तुमच्या डायग्रामवर ट्यूनर आणि फोनो शिडीवर शेजारी-शेजारी आहेत का ते बघा. बहुतेक असतील.

मोजायचं असं: मीटरचं लाल टोक मायक्रोच्या की-इनपुट पिनवर, काळं ग्राउंडवर. एकेक बटण दहा-दहा वेळा दाबा, अर्धी हळू, अर्धी जोरात. चांगल्या बटणाला दरवेळी तोच आकडा येतो, खराब बटणाचा आकडा बोटाच्या दाबाबरोबर हलतो.

त्याहून महत्त्वाचं, कुठलंच बटण न दाबता लाइन किती दाखवते ते बघा. ५च्या अगदी जवळ हवी. ४.३ दिसली, तर कुठेतरी साधारण ६० किलोओहमची गळती आहे आणि ती शिडीच्या शेवटच्या खिडकीला टेकली, की हात न लावता इनपुट बदलतो. गळती स्विचच्या आत असते, किंवा बोर्डावर पूर्वी कुणी फवारलेल्या क्लीनरमध्ये धूळ कालवून जमलेल्या थरात.

हाच दोष वाढला की आणखी एक लक्षण येतं: एक बटण कायम दाबलेलं आहे असं मायक्रोला वाटतं आणि तो पुढचं कुठलंच बटण घेत नाही. असे सेट ‘मायक्रो गेला’ म्हणून भंगारात निघतात. हळहळ वाटते, कारण मायक्रो सहसा शेवटपर्यंत जिवंत असतो.

बटणांवर क्लीनर मारू नका. बंद स्विचमध्ये द्राव आत शिरतो, मळ विरघळवतो आणि बाहेर न पडता तिथेच सुकतो. आठ-पंधरा दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच, वर गळती वेगळी. त्या पट्टीवरचे सगळे स्विच एकदम बदला. ६ × ६ मिलिमीटरचे चार पायांचे मिळतात, पण दांडीची उंची मोजून घ्या. बोर्डापासून टोकापर्यंत ४.३ आणि ५ मिलिमीटरमधला फरक पॅनेल लावल्यावर कळतो: उंच पडले तर बटण दाबलेलंच राहतं, बुटके पडले तर लागतच नाही. पट्टी जुनी तपकिरी फिनॉलिक बोर्डाची असेल, तर पॅड लगेच उचलले जातात. विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) लावून खेचत बसण्यापेक्षा जुना स्विच वरून कटरने फोडा, चार पाय सुटे करा आणि एकेक पाय गरम करून चिमट्याने काढा.

---

मध्यमलहरी

दोघांचे आभार. मोजणी केली.

दोन ‘टक’मधला वेळ: व्हिडिओवर पावसेकंदाच्या आसपास.

७८०५चा इनपुट, स्टँडबाय: डीसी ११.१ व्होल्ट, एसी रेंजवर ०.९ व्होल्ट. बटण दाबल्यावर मिन-मॅक्सचा तळ: इनपुट ९.४, आउटपुट ४.३. इनपुट ९.४च्या खाली जात नाही, मग आउटपुट ४.३ कसा? रेग्युलेटर गेला म्हणायचा का? फिल्टर कपॅसिटर १००० मायक्रोफॅराड, १६ व्होल्टचा आहे, वरून फुगलेला वगैरे नाही.

की-लाइन: काही न दाबता ४.३४. ट्यूनर दाबल्यावर ०.०५ पासून ०.६ पर्यंत काहीही. बाकीची बटणंही थोडीफार हलतात. ट्यूनर आणि फोनो शेजारीच आहेत.

---

शून्यव्होल्ट

रेग्युलेटर ठीक आहे, इथे मीटर फसवतोय. डीसी रेंजवरचा मीटर सरासरी दाखवतो आणि मिन-मॅक्सही त्याच सरासरीचा तळ धरतो. सेकंदाला शंभर वेळा येणारी दरी त्याला दिसतच नाही.

खरी गोष्ट तुमच्या ०.९ मध्ये आहे. रिपल करवतीच्या दातासारखा असतो. त्याचं एसी वाचन साडेतीनने गुणलं की शिखरापासून तळापर्यंतचा आकडा मिळतो (मीटर खरा आरएमएस मोजत असेल, तर जवळपास बरोबर). ०.९ × ३.५ म्हणजे ३.१ व्होल्ट. वर धरलेल्या ४० मिलिअँपिअरच्या हिशेबाने कपॅसिटन्स उरला १३० मायक्रोफॅराडच्या आसपास. १०००चा १३०! सरासरी ११.१ असताना शिखर १२.६ किंवा १२.७ येतं, तेही जुळतं. रिले ओढल्यावर १०० मिलिअँपिअरला रिपल ७.७, तळ ५ व्होल्ट. तिथे ७८०५ तग धरूच शकत नाही.

फुगलेला नाही यावर जाऊ नका. फुगतो तो आत वायू धरला म्हणून. वर्षानुवर्षं गरम रेग्युलेटरशेजारी बसलेला कपॅसिटर खालच्या रबरातून हळूहळू वाळतो आणि बाहेरून नव्यासारखाच दिसतो.

बदलण्याआधी खात्री करून घ्या. प्लग काढा, तो कपॅसिटर डिस्चार्ज करा आणि बोर्डाच्या खालच्या बाजूने ४७० मायक्रोफॅराड, २५ व्होल्टचा एक नवा त्याच्या समांतर सोल्डर करा. प्लसला प्लस, मायनसला मायनस, हे दोनदा बघा. चालू सेटवर हातात धरून टेकवायचा नाही. रिकामा कपॅसिटर भरलेल्या लाइनवर टेकला की ती क्षणभर बसते, आणि मायक्रोला तो झटका सोसेलच असं नाही. मग प्लग लावून एकदाच बटण दाबा.

पहिल्या झटक्यात रिले टिकला, तर दोष सिद्ध. १००० मायक्रोफॅराड, २५ व्होल्ट, १०५ अंशांचा घाला. पायांतलं अंतर आणि उंची मोजून घ्या. त्याच वेळी ही चार कामं करा, कारण बोर्ड बाहेर काढण्याचा खटाटोप पुन्हा नको:

७८०५च्या आउटपुटचा छोटा इलेक्ट्रोलिटिक (४७ किंवा १०० मायक्रोफॅराड) आणि रीसेट पिनवरचा १ ते १० मायक्रोफॅराडचा, दोन्ही बदला. रीसेटचा गळका झाला, तर सप्लाय सुधारूनही मायक्रो अर्धवट जागा होतो: डिस्प्लेवर अर्धी अक्षरं, बटणं बधिर.

रेग्युलेटर, मेन रिले आणि स्टँडबाय ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती भिंगातून बघा. पायाभोवती केसासारखी गोल काळी रेघ दिसली, तर तो तडकलेला सांधा. नुसतं गरम करून भागत नाही. जुना सोल्डर ओढून काढा, फ्लक्स लावा, नवा भरा.

मेमरी जपणारा बॅकअप कपॅसिटर शोधा. नाण्यासारखा किंवा गोल डबीसारखा, ५.५ व्होल्ट, ०.०४७ फॅराड किंवा त्याच्या आसपासचा. म्हातारपणी हे खालून पाझरतात. तो द्राव तांबं खातो आणि वीजही वाहून नेतो. खाली हिरवट डाग किंवा काळवंडलेली पट्टी दिसली, तर काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने जागा धुवा, बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांची कंटिन्युइटी (त्या तुटलेल्या नाहीत ना ते) तपासा, मग नवा बसवा. याचंही प्लस-मायनस असतं.

चौथं, मोठ्या कपॅसिटरांच्या बुडाशी लावलेला गोंद. नवा असताना पिवळट असतो. उष्णतेने तपकिरी-काळा आणि कडक झाला, की वीज वाहू लागतो आणि जवळच्या रेझिस्टर-डायोडचे पाय गंजवून तोडतो. तपकिरी झालेला सगळा खरवडून काढा. अल्कोहोलने भिजवला, की प्लास्टिकच्या पातळ पातीने निघतो. त्याखाली गेलेला प्रत्येक पाय नखाने हलवून बघा. बाहेरून अख्खा दिसणारा डायोड अशा वेळी हातात येतो.

---

फीतवाला

की-लाइन ४.३४ म्हणजे ६५ किलोओहमच्या आसपास गळती. नवे स्विच बसवण्याआधी, जुने काढल्या काढल्या मोकळ्या पट्टीवर पुन्हा मोजा. ५ झाले, तर गळती स्विचमध्येच होती. ४.३४च राहिले, तर बोर्ड धुवा. जुना फ्लक्स, सिगारेटच्या धुराचा थर, क्लीनरचा चिकटपणा, सगळं अल्कोहोलने काढा आणि तासभर नीट वाळू द्या. ओल्या बोर्डावर घेतलेलं माप नुसतं घोळात टाकतं.

खरखरीबद्दल एक वेगळी गोष्ट, ही बरेच जण बघत नाहीत. व्हॉल्यूम कंट्रोलवर डीसी आला, की ट्रॅक कितीही स्वच्छ असो, फिरवताना खरखर होणारच. कंट्रोलच्या वरच्या टोकावर आणि मधल्या टोकावर ग्राउंडच्या संदर्भात डीसी मोजा, दोन्ही चॅनेलांवर. काही मिलिव्होल्टपर्यंत ठीक. ३०-४० किंवा जास्त आला, तर त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल जाऊ देऊन डीसी अडवणारा) गळतोय. तो बदला, कंट्रोलला हात लावू नका.

डीसी नसेल तर साफ करा. प्लग काढलेला, कंट्रोलच्या अंगावरच्या फटीतून फेडरसाठीचा वंगणयुक्त क्लीनर अगदी थोडा, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा हाताने फिरवा. मोटरच्या कंट्रोलला क्लच असतो, हाताने फिरवताना तो सरकतो, गिअर तुटत नाहीत. दाराच्या बिजागरीला मारतात तो गंज सोडवणारा स्प्रे इथे नको. तो कार्बनच्या ट्रॅकवर आणि दांडीच्या ग्रीसवर दोन्हीकडे वाईट करतो.

---

जुनेध्वनी

डाव्या चॅनेलचं कुणी बोललं नाही. आवाज वाढवला की उघडणारा चॅनेल म्हणजे सिग्नलच्या वाटेत कुठेतरी काळवंडलेला संपर्क. व्होल्टेज वाढलं की तो ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो आणि वाट मोकळी होते. संशयित ठरलेले आहेत: स्पीकर रिले, स्पीकर ए-बी स्विच, टेप मॉनिटर स्विच, आणि मागे प्री-आउट व मेन-इन जोडणारे धातूचे यू आकाराचे दुवे असतील तर ते. शेवटचे आधी बघा, पाच मिनिटांचं काम: प्लग काढून उपसा, काळे पडले असतील तर अल्कोहोलने पुसा, डाव्याचा उजव्याला लावा. दोष बाजू बदलून गेला, तर सापडला.

नाही गेला, तर स्पीकर रिले. दोन्ही चॅनेलांना सारखा सिग्नल द्या (ट्यूनर मोनोवर ठेवला तरी चालेल) आणि डाव्या चॅनेलच्या रिलेच्या दोन टोकांमध्ये, म्हणजे संपर्काच्या आरपार, एसी मोजा. स्पीकर किंवा ८ ओहमचा, निदान २० वॅटचा रेझिस्टर जोडलेला हवा. अर्धा अँपिअर वाहत असताना चांगल्या संपर्कावर काही मिलिव्होल्ट पडतात, फार तर वीस-पंचवीस. शेकड्यात किंवा व्होल्टात गेले, तर तोच. उजव्याशी तुलना करा म्हणजे शंका उरत नाही.

पारदर्शक टोपीचा रिले असेल, तर टोपी उघडून जाडसर कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवा, संपर्कांमध्ये धरा, बोटाने आर्मेचर (संपर्क हलवणारी पाती) हलकेच दाबून पट्टी ओढा. काळी रेघ उमटेल. पट्टी कोरी निघेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. पॉलिश पेपर घासू नका, संपर्कावरचा चांदीचा थर पातळ असतो. घासलेला रिले वर्षभरात पहिल्यापेक्षा जास्त त्रास देतो. खळगे पडलेले दिसले, तर बदलाच. कॉइलचं व्होल्टेज (बहुतेक वेळा २४, पण अंगावर छापलेलं वाचा), कॉइलचा रोध आणि पायांची मांडणी जुळली पाहिजे.

एक कळकळीची सूचना. रिले बिघडलाय म्हणून त्याच्या टोकांवर तार टाकून स्पीकर थेट जोडायचा सल्ला बरेच जण देतात. करू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर ४०-५० व्होल्टची अख्खी रेल स्पीकरच्या कॉइलवर येते आणि ती काही सेकंदांत जळते.

तुमच्या आउटपुटवर डीसी १२ आणि १८ मिलिव्होल्ट आहे, ५०च्या आत म्हणजे उत्तम, प्रोटेक्शनच्या वाटेला तुम्हाला जावं लागणार नाही. पण रिले काही सेकंदांनी सुटणाऱ्या सेटचं कुणी इथे वाचत असेल, तर थोडक्यात: मेन्सच्या वाटेत १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू करा. बल्ब क्षणभर भडकून मंद झाला, तर जड शॉर्ट नाही. भगभगीत पेटलेलाच राहिला, तर लगेच बंद करून आउटपुट ट्रान्झिस्टर डायोड रेंजवर तपासा. मेन रिले न ओढता बल्ब पेटला, तर दोष स्टँडबायच्या बाजूला. प्रोटेक्शनसाठी यूपीसी१२३७ ही आठ पायांची आयसी असेल, तर पाय २वर आउटपुटचा डीसी ओळखला जातो, पाय ४वर एसी गेल्याचं, पाय ७वरचा कपॅसिटर सुरुवातीचा उशीर ठरवतो आणि पाय ६ रिले ओढतो. पाय ७चा कपॅसिटर गळका झाला, तर अँप्लिफायर निर्दोष असूनही रिले कधीच ओढला जात नाही. आउटपुटचा डीसी ठीक असेल, तर आयसीला दोष देण्याआधी तो एक बदलून बघा.

आणि त्याच बोर्डावरचे फ्यूजिबल (फ्यूजसारखे तुटणारे) रेझिस्टर मीटरने तपासा. ते जळाल्याची खूण न दाखवता उघडे होतात. बदलताना तसलेच, तेवढ्याच वॅटचे घ्या. साधा कार्बन रेझिस्टर तिथे पुढच्या दोषात पेट घेऊ शकतो.

---

मध्यमलहरी

समांतर ४७० लावून पाहिला. पहिल्याच दाबाला चालू, सलग वीस वेळा. रात्रभर प्लग काढून सकाळी पुन्हा केलं, तरी पहिल्याच वेळी. मग जुना काढून कपॅसिटन्स मीटरवर धरला: ११८ मायक्रोफॅराड. नवा १००० घातल्यावर इनपुटवरचं एसी वाचन ०.९ वरून ०.१२ झालं.

जुना काढल्यावर त्याच्या खाली तपकिरी गोंद निघाला, आणि त्यात बुडालेल्या एका डायोडचा पाय खरंच हिरवा पडला होता. नखाने हलवताच तुटला. डायग्रामप्रमाणे मेन सप्लायमधून मायक्रोला पोसणारा तोच आहे. १एन४००२ छापलंय. जागी १एन४००४ चालेल का?

बटणांची पट्टी काढली. सगळे स्विच बाहेर आहेत आणि मोकळ्या पट्टीवर लाइन ४.९९ आहे. यू दुवे अदलाबदल केले, दोष डाव्याच बाजूला राहिला. रिलेच्या डाव्या संपर्कावर १.४ व्होल्ट, उजव्यावर ११ मिलिव्होल्ट.

---

शून्यव्होल्ट

चालेल. दोन्ही १ अँपिअरचेच, ४००४ जास्त उलटं व्होल्टेज सोसतो एवढाच फरक. डायोडच्या अंगावरच्या पट्ट्याची बाजू जुन्यासारखीच ठेवा आणि बोर्डापासून दोन-तीन मिलिमीटर वर उचलून बसवा. पॅडवर हिरवट गंज असेल, तर आधी तो तांबं चमकेपर्यंत खरवडा, नाहीतर सोल्डर धरणार नाही. बसवल्यावर सेट चालू असताना त्याच्या दोन्ही टोकांना डीसी मोजा: मेनकडची बाजू सुमारे ०.७ व्होल्टने जास्त दिसली, तर मेन सप्लायने भार उचलला.

---

जुनेध्वनी

१.४ व्होल्ट म्हणजे रिलेच. उजवा चांगला असला, तरी दोन्ही संपर्क एकाच रिलेत आहेत, तेव्हा रिले अख्खा बदला. नवा येईपर्यंत कागदाच्या पट्टीने साफ करून वापरायला हरकत नाही. नवा बसवल्यावर पहिल्यांदा स्पीकर न जोडता चालू करा, रिले ओढला गेला की दोन्ही आउटपुटचा डीसी पुन्हा एकदा मोजा, आणि मगच तारा लावा.